पियानोखालच्या स्ट्रिंग्ज: मोठा टचस्क्रीन की हाताखालचे स्लायडर?

लेअर लावणं, म्हणजे एकाच कीवर एका आवाजाखाली दुसरा आवाज रचणं, जसा पियानोखाली स्ट्रिंग्जचा (व्हायोलिनच्या ताफ्याचा), हे मोठ्या टचस्क्रीनच्या आणि स्लायडरच्या अशा दोन्ही प्रकारच्या सिंथवर (सिंथेसायझरवर) जमतं. गाणं चालू असताना तो लेअर हवा तेवढा खाली आणणं मात्र एकावर सहज होतं आणि दुसऱ्यावर होत नाही. माझा कौल शेवटी या एका गोष्टीवर गेला, म्हणून तीच आधी सांगून टाकली.

दर वर्षी गणपतीच्या आधी ठाण्या-कळव्यातले दोन-तीन जण तरी विचारायला येतात. पहिला कीबोर्ड वाजवून झालेला असतो, भावगीतांच्या कार्यक्रमांत किंवा ऑर्केस्ट्रात बसायला लागलेले असतात, आता जरा वरचा सिंथ घ्यायचा असतो. कीज किती, टोन किती, बाहेरचे सॅम्पल घालता येतात का, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ असतं. ते सगळं इथे सोडून देतो. माझ्याकडे दोन्ही प्रकार आहेत. एक मोठ्या रंगीत टचस्क्रीनचा, त्याला मी पडदेवाला म्हणेन. दुसऱ्याचा डिस्प्ले छोटा, काळ्या-पांढऱ्या अक्षरांचा, पण डाव्या हाताला चार लेअरचे चार स्लायडर, म्हणजे वर-खाली सरकवून आवाज कमी-जास्त करायच्या टोप्या. किमतीत फारसं अंतर नव्हतं. कंपन्यांची नावं मुद्दाम घेत नाही, कारण मला बोलायचंय ते पद्धतीबद्दल.

आवाजावर आवाज चढवणं हे आपल्याकडे सिंथबरोबर आलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा पेटी उघडून पाहावी. माझ्या वडिलांची पेटी खर्ज-नर होती. एक पट्टी दाबली की दोन सूर बोलायचे, एक मधल्या सप्तकातला आणि एक त्याच्या खालचा. भजनात गजर चढायला लागला की वडील भात्यात हवा भरलेली असायची तेवढ्या क्षणात डावा हात सोडून समोरची खुंटी ओढायचे आणि खर्ज खुला व्हायचा. उजवा हात तसाच चालू. अभंगाची शांत ओळ आली की खुंटी परत आत. हे करताना त्यांना खाली बघताना मी कधी पाहिलं नाही. नजर बुवांच्या तोंडाकडे असायची. लेअर म्हणजे काय हे मला तिथे कळलं. तो कधी उघडायचा आणि कधी मिटायचा हेही तिथेच.

सिंथच्या जगात ही खुंटी मधल्या काळात हरवली. यामाहाचा डीएक्स७ १९८३ मध्ये आला तेव्हा त्यावर दोन ओळींचा डिस्प्ले होता, प्रत्येक ओळीत १६ अक्षरं, आणि आवाजाचे आतले शंभराहून जास्त आकडे बदलायला एकच डेटा स्लायडर. मूळ डीएक्स७ वर एका वेळी एकच आवाज वाजायचा. लेअर हवा तर दुसरं वाद्य मिडीने, म्हणजे एका वाद्याने दुसरं वाजवायच्या केबलने, जोडायचं. पुढे रोलँडचा डी-५० (१९८७) आणि कॉर्गचा एम१ (१९८८) आले आणि एकाच वाद्यात आवाजावर आवाज रचणं सर्रास झालं. एम१ च्या एका कॉम्बिनेशनमध्ये ८ आवाज बसायचे. १९९५ मध्ये कॉर्गच्या ट्रिनिटीला टचस्क्रीन मिळाला. म्हणजे बोटाखाली खुंटी हवी की डोळ्यासमोर पडदा, हा प्रश्न निदान तीस वर्षं जुना आहे. तुम्ही आज दुकानात त्याच प्रश्नासमोर उभे आहात.

घरी बसून आवाज बांधायचा असेल तर पडदेवाला पुढे आहे आणि बराच पुढे आहे. एक उदाहरण देतो. ऐरोली, घणसोली, कोपरखैरण्याच्या गावठाणांत हळदीला वाजवायला जातो तेव्हा सनई लागतेच लागते. सिंथमधली एकटी सनई मात्र मांडवात पातळ वाटते. म्हणून मी दोन सनया एकमेकींवर ठेवतो आणि दुसरी सहा-सात सेंटने चढवतो. दोन शेजारच्या सुरांमध्ये, म्हणजे पांढरी एक आणि काळी एक यांच्यात, १०० सेंट असतात. त्यातले सहा-सात म्हणजे कानाला बेसूर लागणार नाही, पण दोन माणसं फुंकतायत असं वाटेल इतका फरक. दुसरीचा अटॅक, म्हणजे सूर उमटण्याची सुरुवात, जरा मंद ठेवतो, म्हणजे पहिली बोलते आणि मागून दुसरी येऊन मिळते. तिसऱ्या जागी एक सप्तक खाली पेटीसारखा रीडचा आवाज, अगदी कमी, फक्त तळ धरायला.

पडदेवाल्यावर हे करायला मला दहा-पंधरा मिनिटं लागली. चारही लेअर एकाखाली एक दिसतात, पूर्ण नावानिशी. प्रत्येकाची कीबोर्डवरची हद्द एका पट्टीने दाखवलेली असते. हद्द बदलायची तर ती पट्टी बोटाने ओढायची, किंवा तिच्यावर बोट ठेवून खालची आणि वरची की दाबायची. हलक्या हाताने वाजवलं तर फक्त पहिली सनई आणि जोरात वाजवलं तर दुसरी सामील, हेही चित्रासारखं समोर दिसतं. चूक कुठे झाली ते शोधावं लागत नाही.

हेच काम छोट्या डिस्प्लेवर करायला मला पाऊण तास लागला. पान उलटायचं, कर्सर खाली न्यायचा, कोणत्या लेअरवर आहोत ते कोपऱ्यातल्या एका आकड्यावरून ओळखायचं. नावं तोडलेली असतात, त्यामुळे दोन सनया अक्षरशः सारख्याच दिसतात. एकदा रीड खाली उतरवायला गेलो आणि पहिल्या सनईचं सप्तक उतरवून बसलो, ते लक्षात यायला वेळ गेला. ज्याला रोज नवे आवाज बांधायचे आहेत, जो घरी बसून शॉर्ट फिल्मला किंवा जिंगलला म्युझिक करतो, त्याने इथेच पडदेवाल्याचा निर्णय घेतला तरी मी अडवणार नाही.

इफेक्टचंही, म्हणजे आवाजावर चढवलेल्या घुमारा-प्रतिध्वनीचंही, तसंच आहे. एकटा पियानो ऐकताना छान भरलेला वाटतो आणि स्ट्रिंग्जबरोबर लावला की कोरडा पडतो, ही तक्रार मला नव्या मुलांकडून नेहमी ऐकू येते. बऱ्याच वाद्यांत लेअरमध्ये गेल्यावर प्रत्येक आवाजाला स्वतःचे सगळे इफेक्ट मिळत नाहीत, ते सगळ्यांत वाटून घ्यावे लागतात. कोणता इफेक्ट कोणाकडे गेला हे मोठ्या पडद्यावर रेघांनी दाखवलेलं असतं, एका नजरेत कळतं. छोट्या डिस्प्लेवर ते आकड्यांवरून मनात जुळवावं लागतं.

एक गोष्ट मात्र दोन्हींना सारखीच लागू आहे आणि घेण्यापूर्वी नीट समजून घ्या. वाद्य एका वेळी जितके आवाज काढू शकतं ते त्याचे व्हॉइस, आणि लेअर व्हॉइस खातो. स्टीरिओ पियानो एका कीला दोन व्हॉइस घेतो, स्टीरिओ स्ट्रिंग्ज आणखी दोन. ६४ व्हॉइसच्या वाद्यावर चारने भागा, उरल्या १६ कीज. सस्टेन (सूर लांबवणारा पेडल) दाबून एक लांब आलाप किंवा पियानोची पडती सर वाजवा, १६ बघता बघता संपतात आणि सुरुवातीचे सूर मध्येच तुटतात. १२८ वर ३२ मिळतात, ते गाण्याच्या साथीला पुरतात. तीन-चार लेअर लावायची सवय असेल तर १२८ च्या खाली उतरू नका.

आता उजेडाबद्दल. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही डिस्प्ले चांगलेच दिसतात, तिथे काही ठरवू नका.

दिवाळी पहाटेला तलावपाळीच्या आणि राममारुती रोडच्या बाजूला किती गर्दी असते हे ठाण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. अशा एका पहाटेच्या कार्यक्रमात पडदेवाला घेऊन बसलो होतो. सुरू झालं तेव्हा अंधार. पडदा इतका उजळ की त्याच्यावरून नजर काढून गायिकेकडे पाहिलं तर क्षणभर तिचा चेहराच दिसेना. ब्राइटनेस कमी केला. साडेसहानंतर उजाडायला लागलं, सात-सव्वासातला उन्हाची तिरीप तलावाच्या अंगाने स्टेजवर आली, आणि पडद्यावर मला माझा झब्बा दिसायला लागला. ब्राइटनेस पूर्ण वर केला तरी फरक पडला नाही. शेवटची तीन गाणी मी पॅचच्या, म्हणजे साठवून ठेवलेल्या आवाजांच्या, जागा आठवून वाजवली. पुढच्या वर्षी तशाच उन्हात छोटा डिस्प्ले वाचता येत होता. त्याला ऊन लागलं की उलट अक्षरं जास्त ठळक होतात, फक्त कॉन्ट्रास्ट आपल्या बसण्याच्या उंचीप्रमाणे लावून घ्यावा लागतो. उभं राहून वाजवताना लावलेला कॉन्ट्रास्ट मांडी घालून बसल्यावर कामाचा राहत नाही, हे लक्षात ठेवा.

नाटकाला साथ करणाऱ्यांसाठी आणखी एक. ब्लॅकआउटमध्ये मोठा पडदा विंगेत निळा उजेड सांडतो. तालमीत कोणाच्या लक्षात येत नाही, प्रयोगात पहिल्या रांगेला दिसतं. मी काळं कापड टाकायचो.

हे सगळं सांभाळून घेता आलं असतं. कापड, ब्राइटनेस, पाठांतर, यांतलं काही फार त्रासाचं नव्हतं. मी पडदेवाला घरी ठेवायला लागलो तो दुसऱ्याच कारणाने.

वाशीला, विष्णुदास भावे नाट्यगृहात, भावगीतांचा कार्यक्रम होता. एका संथ गाण्याला मी पियानोखाली स्ट्रिंग्ज लावल्या होत्या. तालमीत त्यांचा आवाज बरोबर होता. सभागृहात मात्र साउंडवाल्याने स्ट्रिंग्ज जरा उघडून ठेवल्या होत्या की नाट्यगृहच तसं होतं, सांगता येणार नाही. पण मुखड्यापासूनच मला त्या थोड्या जास्त वाटत होत्या. जोरात गायलेल्या ओळींना चालून गेल्या. दुसऱ्या अंतऱ्याला गायिकेने पहिली ओळ पूर्ण आवाजात घेतली आणि तीच ओळ परत घेताना आवाज एकदम आत घेतला. जवळजवळ कुजबुज. अशी जागा तालमीत ठरत नाही, ती गाणाऱ्याला तिथेच सुचते. आणि साथ करणाऱ्याने त्याच क्षणी खाली यायचं असतं. तबलजी आला. बोटांच्या टोकांवर आला. माझ्या स्ट्रिंग्ज तिच्या आवाजावर तशाच बसून राहिल्या.

माझ्यासमोरच्या पडद्यावर काय होतं? पॅचचं नाव, मोठ्या अक्षरांत. या वाद्यावर पॅच बदलला की पडदा प्रत्येक वेळी मुख्य पानावर परत येतो. आधीच्या गाण्याला मी मिक्सरचं पान उघडून ठेवलं होतं, ते नव्या पॅचबरोबर गेलं. आता मिक्सरवर टॅप, मग तिसऱ्या लेअरच्या पट्टीवर बोट, मग ते खाली ओढायचं. चार छोटे नॉब होते, पण मुख्य पानावर ते फिल्टरला आणि रिव्हर्बला जोडलेले. लेअरच्या आवाजाला जोडले जायचे ते मिक्सरच्या पानावर गेल्यावरच. डावा हात सोडला, खाली पाहिलं, टॅप केलं. बोटाला घाम होता, टॅप लागला नाही. पुन्हा केलं, पान उघडलं, आणि पट्टीऐवजी शेजारचं म्यूट दाबलं गेलं. पियानो गेला. स्ट्रिंग्ज एकट्या उरल्या. मी म्यूट काढेपर्यंत ती कुजबुजलेली ओळ संपून पुढची सुरू झाली होती.

श्रोत्यांतल्या कोणाला हे कळलं असेल असं वाटत नाही. गायिका नंतर काही बोलली नाही. मला मात्र परतीच्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये, मालडब्यात केस उभी धरून, ठाणे येईपर्यंत तीच ओळ ऐकू येत होती. ती जागा त्या संध्याकाळपुरतीच होती, आणि ती आली तेव्हा मी पडद्यात बघत होतो.

त्यानंतर मी लगेच वाद्य बदललं नाही. आधी सगळे उपाय केले. त्याच आवाजाचा दुसरा पॅच केला, स्ट्रिंग्ज निम्म्या ठेवून, म्हणजे हवं तेव्हा पॅच बदलायचा. पण निम्म्या म्हणजे नेमक्या किती, हे घरी ठरवावं लागतं, आणि माझ्या या वाद्यावर पॅच बदलताना धरलेला सूर तुटतो. काही वाद्यांत धरलेला सूर चालू ठेवून नवा पॅच घेण्याची सोय असते, त्यांना हा उपाय थोडा तरी लागू पडेल. मग पायाने आवाज कमी-जास्त करायचा एक्स्प्रेशन पेडल घेतला आणि तो फक्त स्ट्रिंग्जच्या लेअरला जोडला. हा उपाय खरंच चांगला आहे. खुर्चीवर बसून, स्टँड लावून वाजवणाऱ्याने पडदेवाला घेतला तर पेडल त्याच्याबरोबरच घ्यावा: उजवा पाय सस्टेनवर, डावा स्ट्रिंग्जवर, हात मोकळे.

माझी अडचण अशी की माझे अर्धेअधिक कार्यक्रम बैठकीचे असतात. गादीवर मांडी घालून बसायचं, कीबोर्ड बुटक्या स्टूलवर. सस्टेनचा पेडल मी उजव्या गुडघ्याखाली ठेवतो, तेवढं सरावाने जमतं. एक्स्प्रेशनचा लांब पेडल, जो हळूहळू दाबायचा आणि मध्येच धरून ठेवायचा, तो मांडीखाली ठेवून कसा वाजवायचा? भजनाची आणि सुगम संगीताची साथ करणाऱ्या कितीतरी जणांची बैठक अशीच असते. ही वाद्यं बनवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर उभा राहून वाजवणारा माणूस असतो.

स्लायडरवाला आणला तो या कारणाने. त्याच कार्यक्रमाचा पुढचा प्रयोग ठाण्याला गडकरी रंगायतनला होता आणि तेच गाणं होतं. या वाद्यावर पॅच कोणताही असो, डिस्प्लेवर कोणतंही पान असो, तिसरा स्लायडर म्हणजे तिसरा लेअर. मी सगळ्या पॅचमध्ये एकच शिस्त ठेवली आहे: पहिल्यावर मुख्य आवाज, दुसऱ्यावर त्याचा जोडीदार, तिसऱ्यावर स्ट्रिंग्ज किंवा पॅड, चौथ्यावर तळ. तिसऱ्याच्या टोपीवर कापडी चिकटपट्टीचा छोटा तुकडा चिकटवलाय. अंधारात बोट फिरवलं की बाकीच्या तीन टोप्या गुळगुळीत लागतात आणि ही खरखरीत. त्या प्रयोगात गायिकेने आत आवाज घेतला तो दुसऱ्याच ओळीवर, पहिल्या अंतऱ्यात. डावी अनामिका चिकटपट्टीवर होतीच. मी तिच्याकडे बघत बघत स्ट्रिंग्ज खाली आणल्या, अगदी बंद केल्या नाहीत, तिच्या श्वासाच्या मागे जेमतेम ऐकू येतील इतक्या ठेवल्या, आणि ती वर चढली तेव्हा बरोबर वर आणल्या. छोट्या डिस्प्लेवर त्या वेळी लेअरचा आकडा येऊन गेला असेल. मी पाहिला नाही.

स्लायडरच्या पद्धतीला स्वतःचा एक दोष आहे आणि तो लपवणं बरोबर होणार नाही. आधीच्या गाण्यात तुम्ही तिसरा स्लायडर तळाला नेलात. नव्या पॅचमध्ये स्ट्रिंग्ज ९० वर साठवलेल्या आहेत, त्या ९० वरच वाजतात, पण स्लायडर हाताला अजून तळाशीच. त्याला नुसता धक्का लागला की आवाज ९० वरून धाडकन खाली येतो. पडद्यावरची पट्टी नव्या पॅचबरोबर आपोआप योग्य जागी जाते, तिथे हा प्रश्नच येत नाही. यावर बऱ्याच वाद्यांत सेटिंग असतं: जंप ठेवला तर वर सांगितलं तसं होतं, कॅच ठेवला तर स्लायडर साठवलेल्या आकड्यावरून जाईपर्यंत काहीच करत नाही. मी कॅच ठेवतो. सुरुवातीचे काही कार्यक्रम स्लायडर मेल्यासारखा वाटायचा. मग एक सवय लावून घेतली: निवेदन चालू असताना पॅच बदलायचा आणि चारही स्लायडर एकदा वरपर्यंत नेऊन परत जागेवर आणायचे, तेवढ्यात सगळे धरले जातात. वाजवत नसल्यामुळे आवाज होत नाही. निवेदक थोडकं बोलणारा असेल तर घाई होते, एवढं खरं. ज्या दुकानात सेटिंगमध्ये कॅच सापडणार नाही, तिथलं ते वाद्य माझ्या मते घेऊ नये.

दुसरा दोष आपल्या हवेचा. खाडीजवळ राहतो, पावसाळ्यात भिंतींना ओल येते, आणि स्लायडरच्या फटीतून धूळ आत जाते. हळदीच्या मांडवात तर हळदच उडत असते. वर्ष-दोन वर्षांत एखादा स्लायडर थरथरायला लागतो, म्हणजे तुम्ही एका जागी धरला तरी आकडा दोन-तीनने वर-खाली नाचतो. कॉन्टॅक्ट क्लीनर जाणकाराच्या हातून मारून घेतला की ठीक होतो. कार्यक्रम नसेल तेव्हा वर कापड, एवढी काळजी पुरते. टचस्क्रीनला हा त्रास नाही. पण त्याची काच गेली तर वाद्य पूर्ण आडवं होतं, एक स्लायडर गेला तर बाकीचे तीन चालू असतात.

दोन्ही हवं असेल तर तशीही वाद्यं आहेत. यामाहाच्या २०१८ च्या मोडएक्समध्ये ७ इंची टचस्क्रीन आणि शेजारी ४ स्लायडर आहेत. बजेट तिथपर्यंत जात असेल तर बाकीचं वाचायची गरजही नाही. माझं तेव्हा जात नव्हतं, आणि विचारायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं जात नाही.

म्हणून कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: महिन्यात वाजवता किती वेळ आणि आवाज बांधता किती वेळ? कॉलेजात शिकणारा, रात्री हेडफोन लावून ट्रॅक करणारा मुलगा असेल तर त्याला मी पडदेवाल्याकडेच पाठवतो. त्याच्या कामात घाईचा क्षण येत नाही, आणि लेअर म्हणजे आत काय चाललंय हे डोळ्यांनी दिसलं तर तो लवकर शिकतो. मीही शिकलो तो पडद्यावरच. सनईचा जो लेअर वर सांगितला तो आधी पडद्यावर बांधला, आकडे वहीत उतरवले आणि मग छोट्या डिस्प्लेवर एकेक भरले. ठरवून दिलेल्या नोटेशनवर, क्लिक ट्रॅकबरोबर वाजवणाऱ्यांनाही पडदेवाला चालेल; तिथे प्रत्येक गोष्ट आधी ठरलेली असते. गाणाऱ्याच्या मागे बसणाऱ्याचं तसं नसतं. त्याला काय लागणार हे गाणारा ठरवतो, तेही त्या क्षणी. अशा माणसाला मी स्लायडरवाला सांगतो. आवाज बांधताना दोन संध्याकाळ जास्त गेल्या तरी चालतील.

दुकानात जाल तेव्हा डेमो गाणं लावू देऊ नका. पियानोखाली स्ट्रिंग्ज लावायला सांगा. उजव्या हाताने ओळखीची एखादी चाल चालू ठेवा, मान वर, नजर समोरच्या माणसाकडे, आणि डाव्या हाताने स्ट्रिंग्ज निम्म्यावर आणा. मग पॅच बदला आणि पुन्हा तेच करा. पहिल्या वेळी दोन्ही वाद्यांवर जमून जाईल, फरक दुसऱ्या वेळी कळतो. जमिनीवर बसून वाजवणार असाल तर दुकानातही जमिनीवर बसा. आणि दोन मिनिटं दिवे बंद करता का, असं विचारा. मी विचारलं होतं, त्यांनी केले.